‘फेकून दे रे, नवीन घे!’

मागच्या डिसेंबरात मी आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला. चहाच्या बशीएवढं एक रबरी चाक. कडेचं रबर एका बाजूला साफ गेलेलं, आतला धातू उघडा पडलेला. खाली लिहिलं, ‘स्नोब्लोअरचं फ्रिक्शन व्हील झिजलंय. कुणी बदललंय का? बेअरिंग निघत नाहीये.’

वीस मिनिटांत चौदा उत्तरं आली. बेअरिंगबद्दल एकही नाही. अकरा जणांनी एकाच अर्थाचं लिहिलं होतं: फेकून दे रे, नवीन घे. दोघांनी सेल चालू असलेल्या दुकानांच्या लिंका पाठवल्या. आणि एकाने लिहिलं, ‘आपण इंजिनीअर आहोत, मेकॅनिक नाही.’ त्यावर नऊ जणांचे हसरे चेहरे.

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. माणसाविरुद्ध नाही. माणूस चांगला आहे, गणपतीत मोदक वळायला सगळ्यांत आधी हजर असतो. पण ते वाक्य मला वर्षभर चावतंय. आणि त्यावर हसलेल्या नऊ जणांपैकी मी पाच वर्षांपूर्वी एक असतो, हे जास्त चावतंय.

पुण्यात, नाशकात, मालवणात बसून फोनवर हे वाचणाऱ्यांना स्नोब्लोअर म्हणजे काय ते सांगायला हवं. मी मिनिआपोलिसमध्ये राहतो. इथे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत कधीही बर्फ पडतो. १९९१ साली हॅलोविनच्या दिवशी सुरू झालेल्या वादळात इथे २८.४ इंच बर्फ पडला होता. जुनी माणसं त्याबद्दल आपल्याकडे २६ जुलैबद्दल बोलतात तशी बोलतात. बर्फ थांबल्यापासून २४ तासांत आपल्या घरापुढचा फुटपाथ मोकळा करणं ही घरमालकाची जबाबदारी. नाही केला, तर शहर माणसं पाठवून तो साफ करून घेतं आणि बिल तुमच्या नावावर लावतं. घरातून गाडी काढायची तर ड्राइव्हवे साफ हवा, ते वेगळंच. त्यात शहराचा प्लाऊ, म्हणजे शब्दशः नांगर, रस्ता साफ करत जातो आणि तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी गुडघाभर उंचीची, दगडासारखी घट्ट भिंत सोडून जातो. फावड्याने ती फोडायला गेलेल्या, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना हृदयविकाराचा झटका येणं ही इथे दर हिवाळ्याची बातमी आहे.

म्हणून हे यंत्र. माहितीपुस्तकात त्याला स्नोथ्रोअर म्हणतात, बोलताना सगळे स्नोब्लोअर. कॅनडातल्या क्विबेकमधल्या आर्थर सिकार्डने १९२५ साली पहिलं चालणारं यंत्र बनवलं आणि १९२७ मध्ये आउटरमाँ या गावाला विकलं. कल्पना त्याला धान्याच्या मळणी यंत्रावरून सुचली असं सांगतात, आणि यंत्र समोरून पाहिलं की ते पटतं. तोंडाशी आडवा रूळ, त्यावर मळसूत्रासारखी वळलेली लोखंडी पाती. याला औगर म्हणतात. तो बर्फ फोडतो आणि दोन्ही बाजूंनी मध्यभागी ओढतो. मागे एक पंखा, इम्पेलर, जोरात फिरत असतो. तो बर्फ उचलून धुराड्यासारख्या नळीतून वीस-तीस फूट लांब भिरकावतो. मागे इंजिन, दोन चाकं, दोन मुठी. मळणी यंत्रातून भुसा उडावा तसा बर्फ उडतो. पहिल्या वर्षी तर मी उगाचच बर्फ शोधत फिरायचो.

माझं यंत्र वीस वर्षांहून जुनं आहे. शेजारच्या आजोबांकडून दोनशे डॉलरला घेतलं. ते निवृत्त शिक्षक, आता अपार्टमेंटमध्ये राहायला गेले. इंजिन टेकुम्सेहचं. त्या कंपनीने अशी इंजिनं बनवणं २००८ च्या अखेरीस बंद केलं. तरी आजही त्याचा कार्बोरेटर, गॅस्केट, दोरी ओढायचं स्टार्टर, सगळं दुसऱ्या कुणी बनवलेलं मिळतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता झिजणाऱ्या भागांबद्दल. खालच्या दोन कडांना लोखंडी चपला असतात, स्किड शूज. यंत्र त्यांच्यावर घसरत चालतं, साहजिकच त्या झिजतात. एक कड झिजली की बहुतेक चपला काढून उलट्या लावता येतात. खाली जमीन खरवडणारी पट्टी असते, तीही झिजते. वेळेवर बदलली नाही तर तिच्यामागचा पत्रा झिजायला लागतो, आणि तो पत्रा म्हणजे यंत्राचं अंग. दोन पट्टे असतात, एक औगरला फिरवणारा, एक चाकांना. ते ताणले जातात, चकचकीत होतात, जळक्या रबराचा वास येतो. या कामांना डोकं लागत नाही. पाना लागतो, गंजलेल्या नटवर आदल्या रात्री मारून ठेवायला तेल लागतं आणि थोड्या शिव्या लागतात.

फ्रिक्शन व्हीलला मात्र डोकं लागतं, आणि तिथे मी प्रेमात पडलो. या यंत्रात चाकं फिरवायला मोटारीसारखी गिअरची पेटी नसते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारी एक ॲल्युमिनियमची तबकडी असते. जुन्या ग्रामोफोनची रेकॉर्ड डोळ्यांपुढे आणा. तिच्यावर काटकोनात टेकलेलं हे रबरी चाक. तबकडी फिरते, घर्षणाने चाक फिरतं. चाक तबकडीच्या कडेला असेल तर जोरात फिरतं, मध्याकडे सरकवलं की हळू होतं आणि मध्य ओलांडून पलीकडे नेलं की उलटं फिरायला लागतं. झाला रिव्हर्स गिअर! तुमच्या हातातला वेग बदलायचा दांडा दुसरं काही करत नाही, फक्त ते चाक डावी-उजवीकडे सरकवतो.

मी मेकॅनिकलचा पदवीधर आहे. ‘थिअरी ऑफ मशीन्स’मध्ये मला चांगले मार्क होते. घर्षणावर चालणाऱ्या अशा जोडणीचं गणित मी नक्की कधीतरी सोडवलेलं आहे. पण चाळीस वर्षांचा होईपर्यंत मी ती कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. यंत्र औगरच्या बाजूवर उभं करून, खालचा पत्रा काढून, टॉर्च तोंडात धरून ती पाहिली तेव्हा अक्षरशः मोठ्याने ‘अरेच्चा’ म्हणालो. रबर पुरतं झिजलं आणि तरी तसंच चालवलं तर चाकाचा धातू तबकडीला खायला लागतो. मग वीस-पंचवीस डॉलरचं चाक वाचवायच्या नादात तबकडीही जाते. मी वेळेत उघडलं होतं. बेअरिंग शेवटी कसं निघालं? आतून अंदाजाने योग्य मापाचं सॉकेट लावून, हातोडीचा एक ठोका. ग्रुपवर कुणीतरी एवढं लिहिलं असतं तर माझा एक शनिवार वाचला असता.

पण मला खरं सांगायचंय ते शिअर पिनबद्दल.

औगरची पाती मधल्या दांड्याला वेल्डिंगने जोडलेली नसतात. एकेका पिनने अडकवलेली असतात. बोटाएवढी पिन, बहुधा मध्ये खाच असलेली, मऊ धातूची. तिचं काम एकच, तुटणं. औगरमध्ये दगड, गोठलेला वर्तमानपत्राचा रोल, दाराचं पायपुसणं असं काही अडकलं की पिन कटकन तुटते, पाती थांबतात, दांडा रिकामा फिरत राहतो आणि मधली गिअरपेटी वाचते. पिन दोन-तीन डॉलरची. पाच मिनिटांत बदलता येते.

पहिल्या हिवाळ्यात माझी पिन तुटली. प्लास्टिकच्या पिशवीतलं वर्तमानपत्र बर्फाखाली होतं. बाहेर उणे अठरा, सकाळचे सहा. मी विचार केला, कसली फालतू पिन लावलीय या लोकांनी! दुकानात गेलो आणि त्या मापाचा मिळेल तो सगळ्यांत कणखर बोल्ट आणला. ग्रेड आठचा, डोक्यावर सहा रेघांचा. ठोकून बसवला. फोटो काढून ग्रुपवर टाकला, ‘देसी जुगाड, आता तुटून दाखव म्हणावं.’ त्या फोटोला अठ्ठावीस लाइक्स आले. माझ्या फ्रिक्शन व्हीलच्या फोटोला किती आले ते विचारू नका.

दोन आठवड्यांनी फुटपाथच्या कडेचा सुटलेला काँक्रीटचा तुकडा आत गेला. बोल्ट तुटला नाही. तुटून दाखव म्हटलं होतं, त्याने शब्द पाळला. आतल्या गिअरपेटीतल्या पितळी चाकाचे दात गेले. सुटे भाग साडेतीनशे डॉलर, शिवाय माझे दोन शनिवार.

तेव्हापासून ‘जुगाड’ हा शब्द कुणी अभिमानाने उच्चारला की माझं डोकं फिरतं. परदेशी बिझनेस स्कूलवाल्यांनी या शब्दावर पुस्तकं लिहिली आणि आपण हुरळून गेलो. पण बहुतेक जुगाड म्हणजे काय असतं? आठवून पाहा. घरातला फ्यूज उडतोय, मग त्यात जाड तार घाला. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एकाही घरातल्या फ्यूजमध्ये योग्य जाडीची तार नव्हती. एकेका काकांनी अभिमानाने सांगावं, ‘आमचा फ्यूज दहा वर्षांत उडाला नाही.’ अहो काका, तो उडायलाच हवा होता! ज्याने तो बसवला त्याने विचार करून एक जागा कमकुवत ठेवली होती, बाकीचं घर जळू नये म्हणून. तुम्ही त्याचा विचार वाचलाच नाहीत, फक्त त्याच्यावर मात केलीत.

जुगाड म्हणजे न वाचता दिलेलं उत्तर. आणि ‘फेकून दे, नवीन घे’ म्हणजेही न वाचता दिलेलं उत्तर. आपल्याला वाटतं ही दोन टोकं आहेत, एक गरिबाचं आणि एक डॉलर कमावणाऱ्याचं. माझ्या मते दोन्हींत यंत्र उघडून, हा भाग इथे का आहे, असं विचारायचा कंटाळाच आहे. फरक फक्त खिशात पैसे किती आहेत याचा.

कंटाळ्याची किंमत डॉलरमध्येच चुकवावी लागते असंही नाही. माझ्या एका मित्राने नळीत ओला बर्फ अडकला म्हणून इंजिन बंद केलं आणि आत हात घातला. इंजिन बंद होतं, मग काय होणार? पण अडकलेल्या पंख्यात पट्ट्याचा ताण साठून राहिलेला असू शकतो. बर्फ सुटला आणि पंखा झटक्यात फिरला. मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तोही इंजिनीअर. यंत्रावरच खोबणीत एक प्लास्टिकची काठी अडकवलेली असते, हाताऐवजी ती घालायची म्हणून. चार वर्षं तो ते यंत्र चालवत होता. ती काठी कशासाठी आहे हे त्याने कधी विचारलं नव्हतं. तिच्याशेजारी हाताचं चित्र आणि फुली असलेलं स्टिकरही आहे. आम्ही सगळे एवढे शिकलेले की स्टिकर वाचत नाही.

आता आण्णांबद्दल लिहायलाच हवं.

माझे वडील इचलकरंजीत पॉवरलूमवर जॉबर होते. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. कारखान्यात ओळीने माग धडधडत असताना त्यांतल्या एका मागाचा आवाज बदलला की जेवता जेवता हात थांबवून ‘सातवा बघ रे’ म्हणणारा माणूस. साध्या मागात धोट्याला ठोसा मारणारा पिकर असतो. मिनिटाला शंभरावर ठोसे. पिकर झिजला की धोटा वाकडा उडतो, आणि उडालेल्या धोट्याने डोळा जाऊ शकतो. कुठला भाग कधी बदलायचा हे आण्णांना बोटाने चाचपून कळायचं. त्यांच्या नखांच्या कडा कधीच पांढऱ्या झाल्या नाहीत.

आणि या माणसाने मला आयुष्यात एकदाही पान्याला हात लावू दिला नाही. मी सायकलची चेन बसवायला लागलो तरी ओरडायचे. ‘हात काळं करू नको. पुस्तक धर.’ मी पुस्तक धरलं. पुस्तकाने मला इथवर आणलं. मी दुसऱ्यांदा अमेरिकेतून घरी गेलो तेव्हा आण्णा पाहुण्यांना सांगत होते, ‘ह्याला साधा स्क्रू पिळायला येत न्हाई.’ कौतुकाने सांगत होते. ते कौतुक होतं, हे मी विसरू शकत नाही.

म्हणून ग्रुपवरचं ते वाक्य मला एवढं लागलं. शब्द जवळजवळ तेच होते. पण आण्णांच्या तोंडी ती भीती होती. पोराचंही आयुष्य धडधडाटात आणि तेलात जाईल याची भीती. ती चुकीची होती असं मी म्हणणार नाही, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. ग्रुपवर मात्र तीच गोष्ट प्रतिष्ठा होऊन बसली आहे. हाताने काम करणारा खाली आणि डोक्याने करणारा वर, ही उतरंड आपण विमानात बसताना सोबत आणली, चेक-इन बॅगेत, लोणच्याच्या बरणीशेजारी. सुताराचं, लोहाराचं ज्ञान हे ज्ञान नव्हेच, ते ‘काम’. ते ज्याच्या वाट्याला जन्माने आलं त्याने करावं. इथे जात कुणी विचारत नाही म्हणतात. मग ‘मेकॅनिक’ या शब्दावर नऊ जण का हसले?

दसऱ्याला याच ग्रुपवर फोटो येतात. गाड्यांना झेंडूचे हार, लॅपटॉपवर हळद-कुंकू. खंडेनवमीला अवजारांची पूजा करणारी आपली संस्कृती केवढी थोर, असा मजकूर सोबत. ज्या घरात स्क्रू ड्रायव्हर कुठल्या खणात आहे हे माहीत नाही, त्या घरात अवजारांची पूजा! वर्षात एक दिवस पाया पडा, उरलेले ३६४ दिवस हात लावू नका. आपण बायकांशी आणि नद्यांशी जे केलं तेच अवजारांशी केलं.

एक आक्षेप मला माहीत आहे, तो लगेच घेतो. ‘हे सगळं साहित्याच्या नियतकालिकात कशाला?’ लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे लोखंडी नांगर बनवले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आणि १९२० मध्ये त्या नांगराच्या कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, जे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि मराठी मध्यमवर्गाला दोन-तीन पिढ्या वाचायला शिकवून गेलं. नांगर आणि कथा एका आवारातून बाहेर पडत होत्या. तेव्हा कुणाला विटाळ झाला नाही.

आणि वाचनाचंच म्हणाल तर माझ्या यंत्राच्या सुट्या भागांची पुस्तिका पाहा. पानभर चित्र: अख्खं यंत्र हवेत उकललेलं, प्रत्येक नट, वॉशर, स्प्रिंग आपापल्या जागेपासून थोडी दूर तरंगणारी, प्रत्येकाला आकडा, प्रत्येक आकड्यापुढे नाव आणि मागवायचा क्रमांक. शिअर पिनलाही नंबर आहे, तिच्या टाचणीएवढ्या क्लिपलाही आहे. हे चित्र काढणाऱ्याने धरून चाललंय की घेणारा माणूस हे उघडेल. त्याला समजेल. समजलं नाही तर परत बघेल. वाचकावर एवढा विश्वास टाकणारं गद्य मी फार कमी वाचलंय. तुमच्या फोनच्या खोक्यात असं चित्र मिळालं होतं का? तुमच्या हातात आत्ता जे यंत्र आहे, ज्यावर तुम्ही हे वाचताय, त्याची बॅटरी झिजणार हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी ती गोंदाने चिकटवली.

ही लाट बर्फाच्या यंत्रांपर्यंतही आली आहे. नवीन बॅटरीवरची यंत्रं शांत आहेत, धूर नाही, दोरी ओढायला नको. मला आवडतात. पण एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्रात बसत नाही, आणि बॅटरी गेली की तिची किंमत ऐकून माणूस आपणहूनच म्हणतो, फेकून दे, नवीन घे. टेकुम्सेहने इंजिनं बनवणं थांबवलं तरी माझं इंजिन चालतंय, कारण त्याचे भाग कुणीही बनवू शकतो. त्या कंपनीने बॅटरी बनवणं थांबवलं तर?

इथे कायदे होत आहेत. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यापासून अमेरिकेत कंपनी सरसकट असं म्हणू शकत नाही की आमचाच भाग वापरला नाहीत तर वॉरंटी गेली. न्यूयॉर्कने २०२२ मध्ये, मिनेसोटाने २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्तीच्या हक्काचे कायदे केले. आमच्या मिनेसोटाच्या कायद्यातून मोटारी आणि शेतीची अवजारं मात्र वगळली. त्याच वर्षी कोलोरॅडोने शेती अवजारांसाठी वेगळा कायदा केला. भारत सरकारनेही २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं: शेती अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, पण सुरुवात आहे. माझं म्हणणं एवढंच की ज्या समाजाला दुरुस्ती करणारा हलका वाटतो तो समाज दुरुस्तीचा हक्क मागणार कशाला? नको असलेल्या गोष्टीसाठी कोण भांडतं?

आता ‘तुझ्या वेळेची किंमत’ हा हुकमी एक्का. ग्रुपवर एकाने हिशेब मांडला. तुझा पगार तासाला साठ डॉलर धरू. तीन तास म्हणजे एकशे ऐंशी, अधिक चाक. त्यापेक्षा नवीन घे. नवीन यंत्र हजार-दीड हजार डॉलरचं, हे त्याने हिशेबात धरलं नाही ते सोडा. शनिवारी दुपारी मला तासाला साठ डॉलर कोण देत होतं? त्या वेळात मी सोफ्यावर आडवा पडून दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले असते. आणि नवीन यंत्रातही तीच तबकडी, तेच रबरी चाक आहे. तेही झिजणार. तेव्हा तुम्ही काय करणार?

डीलरकडे न्यायचं? मी नेलं होतं एकदा. काउंटरवरच्या मुलाने वय विचारलं (यंत्राचं) आणि सांगितलं, दहा वर्षांपेक्षा जुनं आम्ही बघत नाही. बघितलं तरी तीन आठवडे लागतील. डिसेंबरात तीन आठवडे!

मी काही दुरुस्तीचा साधू झालेलो नाही. कार्बोरेटर साफ करायचा मी एकदाच प्रयत्न केला. उन्हाळाभर टाकीत राहिलेल्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने आतली केसाएवढी भोकं बुजतात. दोन तास तारेने टोकरून पुन्हा बंदच पडला. शेवटी नवा आणला, वीस डॉलरचा, आणि मला अजिबात अपराधी वाटलं नाही. औगरभोवतीचा पत्राच गंजून चाळण झाला असेल तर यंत्र भंगारातच गेलं पाहिजे. इथले गोरेही काही कमी नाहीत. वसंतात रस्त्याकडेला ‘फुकट’ अशी पाटी लावलेली यंत्रं दिसतात. त्यांतल्या काहींचा फक्त पट्टा गेलेला असतो. फेकायला माझी हरकत नाही. न उघडता फेकायला आहे.

फ्रिक्शन व्हील बसवलं त्या रात्री, म्हणजे त्यांच्या सकाळी, मी आण्णांना व्हिडिओ कॉल लावला. गराजमध्ये, हात काळे. त्यांनी पहिल्यांदा हातच पाहिले.

‘काय करालायस?’

सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाले, ‘दाखीव की.’

मी फोन यंत्राच्या पोटाकडे धरला. तबकडी दाखवली. दांडा सरकवून चाक कसं जातं ते दाखवलं. ते हसले, आवाज न करता. शिअर पिनचं सांगितलं तेव्हा म्हणाले, ‘म्हंजे ही तुटायसाठीच हाय. मग तू लोखंडी कशाला घातलास, गाढवा?’ इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत माझी एवढ्या नेमक्या शब्दांत कुणी कानउघाडणी केली नव्हती. मग पिना काढून औगरच्या दांड्यात ग्रीस भरतोस का, विचारलं. भरत नव्हतो. ग्रीस नसेल तर पाती गंजून दांड्याला धरतील, मग तुझी पिन असून नसल्यासारखी, म्हणाले. हे पुस्तिकेतही लिहिलं आहे. मी ते पान वाचलं नव्हतं.

‘चालू कर. आवाज ऐकू दे.’

गराजचं दार पूर्ण वर केलं, यंत्र बाहेर ढकललं, दोरी ओढली. फोन जवळ धरला. आई मागून विचारत होती, एवढ्या थंडीत पोरगं बाहेर काय करतंय. आण्णांनी तिला हाताने थांबवलं.

‘पट्टा बरा हाय. पर मदी काय तरी घासायलंय. गिअरपेटीच्या डाव्या अंगाला बघ, तेल गळतंय काय.’

गळत होतं. बर्फावर रुपयाएवढा काळपट डाग. सील गेलं होतं, बहुधा माझ्या त्या ग्रेड आठच्या बोल्टच्या वेळीच दुखावलेलं. पुस्तिकेत शोधलं, नंबर मिळाला, मागवलं. मंगळवारी येईल. बुधवारी सहा इंच सांगितलाय.